नाव घेऊन खणायचं

रक्त वाळलं की चॉकलेटी दिसतं
हे मला पन्नास किलोच्या गोणीनं शिकवलं.
दर मंगळवारी भिवंडीकडून टेम्पो येतो,
ताडपत्री आवळून बांधलेली,
तरी धसईची कुत्री नाक्यापासूनच मागे लागतात.
अन्वर म्हणतो, आज माल कोरडा आहे, हात घालून बघा.
मी हात घालतो.
कोरडा. हलका. बोटांच्या रेषांत राहून जातो
आणि जेवताना घास तोंडाशी आला
की आठवण करून देतो.

मक्याची भरड, सोयाची पेंड, हाडांचा चुरा,
रक्तभुकटी शेकडा तीन.
त्याच्या वर गेलो तर पाखरं खाद्य बाजूला सारतात,
पोरं पोह्यातली मिरची सारतात तशी.
कंपनीचं खाद्य सोडल्यापासून सगळं वहीत आहे :
किती खाल्लं, किती भरलं, किती मेलं.

औषध मात्र बुधीबाय आणते, ठाकरवाडीवरून.
भुईआवळा, गुळवेल, शतावरीच्या मुळ्या.
भारा उतरवून शेडच्या दाराशी बसते, आत येत नाही.
जाळीमागं तीन हजार माना
तिच्याकडे वळतात, मग विसरतात.

पहिल्यांदा आली तेव्हा तिनं विचारलं,
कोन आजारी हाय?
कोणी नाही, मी म्हणालो. होऊ नये म्हणून.
ती बराच वेळ पदरानं मान पुसत राहिली.
मुळी नाव घेऊन खनायची आसते, म्हणाली.
ज्याला द्यायची त्याचं, मंग त्याच्या आईचं.
नायतर मुळी हातात येते, गुन मातीतच ऱ्हातो.
तुझ्या कोंबड्यांना नावं हायेत का?

बॅच सतरा, मी म्हणालो.
आणि आई?
आई कुठली. यंत्रात उबवलेली,
खोक्यात शंभर-शंभर आली, एका दिवसाची.

ती उठून गेली. वाटलं, संपलं.
सोमवारी भारा दाराशी होता,
मुळ्या ओढ्यात धुऊन लख्ख.
तोलताना ती काट्याकडे पाठ करून उभी राहते,
पैसे मात्र दोनदा मोजते.

ड्रममध्ये सगळं एकत्र फिरतं :
कुठल्या तरी म्हशीचं रक्त
आणि कुठल्या तरी कड्याखालची मुळी.
दहा मिनिटांनी एकच रंग, ओल्या विटेचा.
बाहेर काढतो तेव्हा वासही एकच,
पण त्या वासाला मला अजून शब्द सापडलेला नाही.

सतरामध्ये मेली एकसष्ट. सोळामध्ये एकशे चाळीस.
डॉक्टर तेलवणे वही चाळून म्हणाले, काय बदललंत?
मी प्रमाण सांगितलं, ग्रॅममध्ये.
हवा कोरडी होती म्हणून असेल, ते म्हणाले.
असेल.

एकोणचाळिसाव्या रात्री दिवे मालवून
पोरांनी पाय धरधरून पाखरं क्रेटमध्ये भरली.
अंधारात ती ओरडत नाहीत.
पहाटे शेडमध्ये नुसतं तूस,
आणि भिंतीवर माझीच सावली, मोठी, रिकाम्या जागेला न पेलणारी.

अठराव्या बॅचचा भारा घेऊन ती आली तेव्हा विचारलं,
मागल्या वेळी नाव कोणाचं घेतलंस?
तुझं, ती म्हणाली.
हरेश. बाळारामाचा.
आईचं ठाव नव्हतं, ते तुझ्या बायकोला इचारलं.
शेवटाला खानारा तूच ना?

तीन वर्षं झाली, कोंबडी माझ्या घशाखाली उतरत नाही
हे मी तिला सांगितलं नाही.
भारा आत ओढला.
संध्याकाळी खाद्य टाकलं
आणि पत्र्याच्या ताटल्यांवर ते टकटक सुरू झालं,
तीन हजार चोची, न थांबता,
हरेश, हरेश, अनुसया, हरेश.

मंगळवारी टेम्पो आला.
अन्वरला विचारावंसं वाटलं, गोणीत कोण कोण आहे.
त्यानं बिल पुढं केलं, घाईत होता, इंजिन चालूच.
एरवी मी नुसतं ह. बा. खरडतो.
त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं,
आणि खाली, जिथं काहीच लिहायचं नसतं तिथं,
आईचं.